फ्रँकफर्टला 'फुटबॉल'चं वेड लागलं कसं?

२३ जून २००७. फ्रँकफर्टच्या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलच्या युरोपातल्या स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला ४८,१२५ माणसं जमली होती. हॅम्बुर्ग सी डेव्हिल्सने यजमान फ्रँकफर्ट गॅलेक्सीला ३७-२८ असं हरवलं. त्यानंतर सहाच दिवसांनी एनएफएलने, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, ही युरोपातली स्पर्धाच बंद केल्याचं जाहीर केलं. तोटा वर्षाला तीन कोटी डॉलरच्या आसपास होता, असं तेव्हाच्या बातम्यांमध्ये छापून आलं. अमेरिकेतल्या ३२ संघमालकांच्या हिशेबात ही स्पर्धा बसत नव्हती.

परदेशातल्या चाहत्यांचा अभ्यास करायला आज एखादा अमेरिकी विद्यार्थी जर्मनीत उतरला, तर त्याला खचाखच भरलेलं म्युनिक दिसेल, सगळ्या संघांच्या जर्सी एकाच गर्दीत दिसतील. हे सगळं एनएफएलच्या जाहिरातबाजीमुळे झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण २००७ची ती तारीख लक्षात ठेवली तर ते पटत नाही. स्पर्धा गेली, पैसा गेला, तरी लोक राहिले. ते का राहिले, हे समजून घ्यायचं तर १९४५ पर्यंत मागे जावं लागतं.

युद्धानंतर जर्मनीचे चार भाग झाले. बव्हेरिया, हेसन आणि आजूबाजूचा दक्षिणेकडचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात आला. उत्तरेला ब्रेमेन आणि ब्रेमरहाफेनचं बंदर आलं, आणि बर्लिनचा एक भागही. शीतयुद्धाच्या शेवटच्या टप्प्यातही पश्चिम जर्मनीत सुमारे अडीच लाख अमेरिकी सैनिक होते. छावणीत शाळा, चर्च, दुकानं होती, तसंच फुटबॉलचं मैदानही होतं. सैनिकांसाठी चालणारं एएफएन हे रेडिओ केंद्र कुंपणाबाहेरचे जर्मन तरुणही ऐकत. जॅझ आणि रॉक त्यांच्या कानावर पडलं ते असंच, आणि या खेळाचं समालोचनही.

१९७७ मध्ये अलेक्झांडर श्पेर्बर यांच्या पुढाकाराने फ्रँकफर्टर लोवेन, म्हणजे 'फ्रँकफर्टचे सिंह', हा जर्मनीतला पहिला क्लब उभा राहिला. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात सहा संघ होते: फ्रँकफर्ट, आन्सबाख, म्युनिक, बर्लिन, ब्रेमरहाफेन आणि ड्युसेलडॉर्फ. ही यादी नकाशावर ठेवून पाहावी. ड्युसेलडॉर्फ ब्रिटिश भागातलं. बाकी पाचही ठिकाणी अमेरिकी सैन्याचा मुक्काम होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

त्यातही आन्सबाख. मध्य फ्रँकोनियातलं, चाळीसेक हजार वस्तीचं गाव. शेजारी अमेरिकी लष्कराचा तळ, तो आजही आहे. तिथला आन्सबाख ग्रिझलीज हा संघ १९७९ ते १९८६ असा सलग आठ वर्षं राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९८१, १९८२, १९८५ अशी तीन विजेतेपदं त्याने मिळवली. बर्लिन, म्युनिकसारखी शहरं मागे पडली. कोणत्याही टीव्ही वाहिनीने किंवा प्रायोजकाने घडवलेली ही गोष्ट नाही.

भाषेतही याची खूण सापडते. आपल्याला 'अमेरिकन फुटबॉल' असं सांगावं लागतं, नाहीतर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मेस्सी येतो. जर्मन माणसाची ही अडचण केव्हाच सुटली आहे. गोल चेंडूचा खेळ तो 'फुसबाल', आणि लांबट चेंडूचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा खेळ तो 'फुटबॉल'. इंग्रजी शब्द त्यांनी या खेळासाठी राखून ठेवला.

एनएफएल आली ती या मशागत झालेल्या जमिनीवर. बर्लिनची भिंत पडून वर्ष व्हायच्या आत, ऑगस्ट १९९० मध्ये, तिने बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर प्रदर्शनीय सामना भरवला. १९९१ मध्ये तिचीच वर्ल्ड लीग सुरू झाली आणि फ्रँकफर्ट गॅलेक्सीचा जन्म झाला. दोन हंगामांनंतर ती स्पर्धा थांबली, १९९५ मध्ये फक्त युरोपातल्या सहा संघांची म्हणून पुन्हा उभी राहिली. लंडन, बार्सिलोना, ॲमस्टरडॅम, स्कॉटलंड, ड्युसेलडॉर्फ आणि फ्रँकफर्ट. पुढची वर्षं म्हणजे एकेका शहराच्या गळतीची कहाणी आहे. लंडन गेलं, बार्सिलोना गेलं, स्कॉटलंड गेलं, आणि त्यांच्या जागी बर्लिन, कोलोन, हॅम्बुर्ग आले. शेवटच्या हंगामात सहापैकी पाच संघ जर्मनीचे होते. फ्रँकफर्टमध्ये सामन्याआधी स्टेडियमबाहेर भरणारी 'पॉवर पार्टी' हा तर स्वतंत्र सोहळाच झाला होता.

अमेरिकेच्या दृष्टीने ही स्पर्धा म्हणजे नवोदितांची तालीम. कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमकडून खेळला आणि १९९९च्या अमेरिकी हंगामात सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून देऊन सामनावीर ठरला. मात्र गॅलेक्सीच्या चाहत्यांनी आपल्या संघाला कधी तालीम समजलं नाही. चार विजेतेपदं मिळवणारा तो त्यांच्या शहराचा संघ होता.

याच वॉर्नरचं नाव पुढे भारतातही आलं. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या गुंतवणूकदारांत तो आणि प्रसिद्ध प्रशिक्षक माइक डिट्का होते. 'पुणे मराठाज' आणि 'मुंबई ग्लॅडिएटर्स' हे संघ त्याच लीगमधले. २०१२ मध्ये कोलंबोत सामने खेळवले गेले, टीव्हीवर दाखवले गेले, पहिलं विजेतेपद पुण्याने मिळवलं. पण पुण्यात ना त्याआधीचे क्लब होते, ना मैदानाकाठी उभं राहून ओरडणारे शेजारीपाजारी. आन्सबाखमध्ये जे आधी होतं, ते इथे नंतर येईल अशी अपेक्षा होती. ते आलं नाही.

२००७ नंतर एनएफएलने युरोपसाठी दुसरा मार्ग धरला. नवोदितांचे संघ पाठवण्याऐवजी खरे, गुणतक्त्यात मोजले जाणारे सामनेच लंडनला आणले; वेम्बलीवर पहिला सामना २८ ऑक्टोबर २००७ला झाला. जर्मनीच्या वाट्याला पंधरा वर्षं काहीच आलं नाही. त्या काळात देशी लीग चालू राहिली. ड्युसेलडॉर्फ पँथर या क्लबमध्ये घडलेल्या सेबास्टियन फोल्मरने न्यू इंग्लंड पॅट्रियट्सबरोबर दोन सुपर बोल जिंकले. २०१५ पासून प्रोझीबेन माक्स या मोफत वाहिनीने रविवारचे सामने दाखवायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा सामना जर्मनीत संध्याकाळी सातला येतो, रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. खेळ रुजण्यात घड्याळाचा हा भाग फार मोठा आहे.

१३ नोव्हेंबर २०२२ रोजी म्युनिकमध्ये टॅम्पा बे आणि सिएटल यांचा सामना झाला. जर्मनीतला हा पहिला गुणांचा सामना. शेवटच्या मिनिटांत सगळं स्टेडियम जॉन डेन्व्हरचं पश्चिम व्हर्जिनियावरचं गाणं गात होतं आणि संगीत थांबल्यावरही गातच राहिलं.

पुढच्या वर्षी एनएफएल फ्रँकफर्टला परतली, जिथे गॅलेक्सी शेवटचं खेळली होती त्याच मैदानावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन सामने झाले. दुसऱ्यात इंडियानापोलिसने न्यू इंग्लंडला १०-६ असं हरवलं. साठ मिनिटांच्या खेळात टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं, एकदाच झालं, आणि स्टेडियम भरलेलं होतं.