तिबेटखालची ७० किलोमीटर जाडी नेमकी कशाची?

‘तिबेटखाली भारतीय भूपट्ट ७० किलोमीटर जाड आहे’ असं कुणी लिहिलं, की पुढचं वाचवत नाही. ती जाडी भूकवचाची. भूपट्ट म्हणजे हे कवच आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा (कवचाखालच्या खडकाच्या जाड आवरणाचा) थंड, ताठ थर, दोन्ही मिळून. ‘जाडी’ एवढंच लिहून कशाची ते न सांगणारे नकाशे तर मी सरळ बाजूला ठेवतो.

कवच शाळेपासून ओळखीचं आहे. खंडांखाली ते साधारण ३५ ते ४० किलोमीटर असतं, तिबेटखाली जवळपास दुप्पट. त्याचा तळ म्हणजे मोहो.

घोळ होतो तो मोहो आणि भूपट्टाचा तळ या दोन तळांचा. मोहोपाशी खडकच बदलतो आणि पी लहरींचा, म्हणजे भूकंपाच्या सर्वांत वेगवान लहरींचा, वेग एकदम वाढून सेकंदाला ८ किलोमीटरच्या घरात जातो. भूपट्टाच्या तळाशी मात्र खडक मुख्यतः तापल्यामुळे मऊ पडतो. तिथे वेग घटतो, तोही बऱ्याचदा हळूहळू. त्यामुळे भूकंपमापकांवर दोघांचा माग वेगळ्या रीतीने काढावा लागतो.

दूरच्या भूकंपाची पी लहर खालून येताना मोहोवर तिचा थोडा भाग हळू धावणाऱ्या एस लहरीत बदलतो आणि मागे पडतो. नेहमीच्या कवचावरच्या स्थानकात सुमारे ४ सेकंद, तिबेटमध्ये ८ ते ९. हा ठसा स्पष्ट दिसतो. पण त्यामागोमाग कवचातल्या थरांत वरखाली आपटलेले प्रतिध्वनी येतात आणि भूपट्टाच्या तळाचा क्षीण ठसा त्यांत हरवू शकतो. म्हणून या तळासाठी मला एस लहरच भरवशाची वाटते. तिच्यातून निघालेली पी लहर एसच्या आधी पोहोचते, प्रतिध्वनी नंतर येतात. चित्र थोडं धूसर मिळतं, पण फसवत नाही.

तिबेटमध्ये हा फरक फार महत्त्वाचा. कवच दक्षिणेतही जाड, उत्तरेतही ६० किलोमीटरहून जास्त. पण थंड, ताठ प्रावरणातून नीट धावणारी एसएन लहर (मोहोखालून जाणारी एस लहर) दक्षिणेत टिकते आणि उत्तरेत विरते, म्हणजे तिथलं प्रावरण तापलेलं आहे. २००२ ते २००५ मधल्या हाय-क्लाइंब या भूकंपमापकांच्या जाळ्यातून भारतीय कवचाचा खालचा थर सुमारे ३१ अंश उत्तरेपर्यंत सरकलेला दिसला. ही हद्द कवचाची. कवच आणि प्रावरण एकमेकांपासून सुटूही शकतात, तेव्हा प्रावरणाचा थर कुठवर गेला हे वेगळं मोजावं लागतं.