पंपाची भीती, सुईचा भरवसा: दम्याच्या औषधांमागचा इतिहास

दसरा उलटला की खानदेशात कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळतात, नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि सातपुड्याकडून थंडी उतरते. कपाशीची धूळ, मिरचीचा खकाणा आणि पहाटेचा गारठा एकदमच येतात. तीव्र दमा असलेल्या माणसाला हे दिवस फार जड जातात. याच दिवसांत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दवाखान्यांत पंपाबद्दल, म्हणजे औषध श्वासातून ओढायच्या इनहेलरबद्दल, एक विनवणी ऐकू येते: “डॉक्टर, पंप नका देऊ. एकदा लागला की सुटत नाही. त्यापेक्षा सुई द्या.”

या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं होईल. दम्याच्या औषधांमुळे माणसं दगावल्याचा इतिहास खरोखर आहे. माझं म्हणणं इतकंच, की ती भीती आज भलत्याच औषधावर जाऊन बसली आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दम्याच्या झटक्यावर अॅड्रेनालिनचं इंजेक्शन देऊ लागले. १९२०च्या दशकात चिनी वनस्पतीतून काढलेलं एफेड्रिन आलं, मग थिओफायलीन. थिओफायलीन श्वासनळ्या मोकळ्या करतं, पण त्याचा गुण देणारा डोस आणि अपाय करणारा डोस एकमेकांना खेटून असतात. रक्तात दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम ही जुनी ठरलेली मर्यादा. तिच्या वर गेलं की मळमळ, उलट्या, छातीत धडधड, आणि फारच वाढलं तर फिट. तापासाठी सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं तरी थिओफायलीनचं रक्तातलं प्रमाण चढतं. आपल्याकडे दम लागला की डेरिफायलीन आणि डेकाड्रॉनची सुई एकत्र देण्याची पद्धत वर्षानुवर्षं रुळली. आराम लगेच पडतो, म्हणून तिच्यावर भरवसाही बसला. त्या सुईत थिओफायलीनच्या जातीचं औषध आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, दोन्ही असतात, हे मात्र घेणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही.

मोजका डोस देणारा पंप १९५६ साली अमेरिकेत आला. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये त्यातल्या आयसोप्रेनालिन या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची पाचपट तीव्र आवृत्ती बाजारात आली आणि दम्याने मरणाऱ्यांचा, विशेषतः तरुणांचा, आकडा चढत गेला. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या तशाच औषधाच्या बाबतीत तेच घडलं. त्यावरचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला, औषधावर निर्बंध आले आणि मृत्यू कमी झाले. औषधाचा हृदयावर ताण येत होता, हे एक कारण. दुसरं असं, की पंप ओढला की तात्पुरतं बरं वाटायचं, नळ्यांची आतली सूज मात्र तशीच वाढत राहायची आणि माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचायचा. आजही फक्त साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे नुसत्या नळ्या मोकळ्या करणाऱ्या, पंपावर दिवस काढणाऱ्याला हाच धोका आहे. २०१९ पासून ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दमा सांभाळू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे.

सूज उतरवणारं औषध म्हणजे स्टेरॉइड. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं गेलं. त्या कामासाठी केंडल, हेंच आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळालं. दम्यालाही त्याचा गुण आला. पण थोड्याच वर्षांत पोटातून रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांचे चेहरे सुजलेले, हाडं ठिसूळ, साखर वाढलेली आणि डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागला. स्टेरॉइडचं नाव बदनाम झालं ते इथे, गोळ्यांमुळे. १९७२ साली बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड श्वासातून देता येतं हे दाखवणारे अभ्यास आले आणि हिशोब पालटला.

तो हिशोब असा. झटका आल्यावर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅम देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. बुडेसोनाइड या स्टेरॉइडच्या पंपातून दिवसभरात जातात ४०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. दोन औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे वजनाला वजन लावता येत नाही; पण संपूर्ण शरीराला पोहोचणाऱ्या स्टेरॉइडमध्ये किती अंतर पडतं, ते यावरून कळावं. पंपाचेही दुष्परिणाम आहेत. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. पंपाला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, वापरला आणि नंतर चूळ भरली की ते बरेच टळतात. लहानपणी पंप घेतलेल्या मुलांची उंची मोठेपणी साधारण १ सेंटिमीटरने कमी भरल्याचं एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. आईबापांना हे सांगितलंच पाहिजे. पण रात्र-रात्र बसून काढणारं, शाळा बुडणारं मूलही त्याच तराजूत ठेवून पाहावं लागतं.

उलट, ज्याची भीती वाटत नाही ते पाहा. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचा एक कोर्स, ४० मिलिग्रॅम पाच दिवस, म्हणजे २०० मिलिग्रॅम. आयुष्यात अशा चार कोर्सची बेरीज अर्धा ते एक ग्रॅमच्या दरम्यान गेली की मधुमेह, हाडं, डोळे यांचे धोके वाढू लागतात, असं २०१८च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे काही जण चार कोर्स एका हंगामात घेतात. ‘दम्याची पुडी’ घेणाऱ्याला तर तिच्यात स्टेरॉइड कुटून घातलंय का, हेच ठाऊक नसतं. दम्यावरची माँटेलुकास्टची गोळीही साधीच समजली जाते. तिच्यामुळे झोप, मनःस्थिती आणि वागणं बिघडू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

पंपाने भागत नाही अशा तीव्र दम्यासाठी २००३ पासून ओमालिझुमॅब आणि पुढे २०१५ पासून मेपोलिझुमॅब अशी इंजेक्शनं आली. गोळ्यांचं स्टेरॉइड कमी करणं, हाही त्यांचा एक मोठा उद्देश. केळी-कापसाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला मात्र त्यांचा खर्च पेलत नाही. त्यामुळे खानदेशातल्या बहुतेक तीव्र रुग्णांची निवड आजही पंप नियमित घेणं आणि गोळ्या-सुयांचे कोर्स वाढू देणं, या दोन्हींतच होते. जे वर्षानुवर्षं गोळ्यांवर आहेत, त्यांनी हे वाचून त्या एकदम बंद करू नयेत. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं कमी करतात. गोळी अचानक सुटली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पंप नीट चालू ठेवून, टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.