बाळ उशिरा रडलं, तर रक्तातून काय कळतं?

आमच्या लॅबमध्ये नवजात बाळाचं रक्त घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा बाळाचा मामा असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, बाप गावाहून यायचा असतो, आजी बाळंतिणीजवळ. मामा चिठ्ठीत गुंडाळलेला छोटा बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "लेकरू जल्दी रडलं नाही जी. याच्यातून समजन ना, डोक्याले काही झालं का?"

काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी हे वाचा. बाळ नीट श्वास घेत नसेल, अंग ढिलं पडलं असेल, दूध ओढत नसेल, झटके येत असतील, तर आमच्या रिपोर्टसाठी थांबू नका. डॉक्टरांनी पुढे न्या म्हटलं की निघायचं. १०८ किंवा १०२ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. यवतमाळला असो की नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजात, तिथे ज्या तपासण्या फुकटात होतात त्यांचे पैसे आमच्याकडे भरून येण्यात काही अर्थ नाही. आमचा धंदा तपासण्यांचाच आहे, तरी हे सांगतो.

जन्मल्यावर पहिल्या मिनिटात बाळाला श्वास घ्यायला मदत करायची असते. त्यासाठी डोळे, कान आणि हात लागतात, रक्ताचा थेंबही लागत नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांमधल्या बायांना हेच शिकवलं: बाळ रडलं का, श्वास घेतंय का हे बघायचं आणि नसेल घेत तर मास्कने हवा द्यायची. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले आणि पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या त्यामागे हाच अनुभव होता. रक्ताच्या तपासणीची पाळी नंतर येते: बाळ किती वेळ गुदमरलं आणि कुठल्या अवयवांना झळ लागली, याचा अंदाज घ्यायला.

रक्तात नेमकं काय बदलतं

कळा फार लांबल्या, नाळ दबली, वार वेळेआधी सुटली, की बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, कोंबून वरून हवा कोंडली, तर त्या जळत नाहीत, नुसत्या धुमसतात. आच थोडी, धूर फार. पेशींचंही तसंच होतं. ऑक्सिजनशिवाय त्या साखर अर्धवटच वापरतात आणि मागे लॅक्टेट उरतं. रक्त आंबट होऊ लागतं. हा आंबटपणा पीएचवर मोजतात, आकडा जितका कमी तितकं रक्त आंबट. नाळेतल्या धमनीच्या रक्ताचा पीएच साधारण ७.२ ते ७.३ असतो, तो ७ च्या खाली गेला तर डॉक्टर सावध होतात. जन्माच्या वेळी काय झालं हे सांगणारी सगळ्यात भरवशाची तपासणी हीच. पण रक्त नाळेचंच हवं, प्रसूती होताच नाळेचा तुकडा दोन्हीकडून चिमटा लावून बाजूला ठेवलेला हवा, आणि मशीन जवळ हवं. ते मशीन आमच्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी "लॅक्टेट करून द्या" म्हणून कोणी आलं, तर तो आकडा त्या दिवसाचा असतो, जन्मवेळेचा नाही.

आम्ही काय करतो? सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), एलडीएच आणि सीके-एमबी (यांच्याबद्दल पुढे सांगतो), क्रिएटिनीन (मूत्रपिंडांसाठी), कॅल्शियम, साखर. यातल्या साखरेकडे कोणी बघत नाही, पण तातडीच्या कामाची तीच. गुदमरलेल्या बाळाची साखर झपाट्याने उतरू शकते, आणि उतरलेली साखर मेंदूला दुसरा फटका देते. टाचेच्या एका थेंबावर ग्लुकोमीटर सांगतो, उपाय तिथल्या तिथे करता येतो. ही तपासणी बाळाजवळच झाली पाहिजे, बल्ब आमच्यापर्यंत आणण्यात वेळ घालवू नका.

सीबीसीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण घाबरून परत येणारे लोक बहुधा त्याचाच कागद घेऊन येतात. ऑक्सिजन कमी पडला की शरीर घाईघाईने नव्या तांबड्या पेशी रक्तात सोडतं, त्यातल्या काहींच्या पोटात अजून केंद्रक असतं. मोठ्या माणसाच्या रक्तात असल्या कच्च्या पेशी सहसा दिसत नाहीत. नवजात बाळात थोड्या असतातच, शंभर पांढऱ्या पेशींमागे दहापर्यंत दिसल्या तर आम्ही फार मनावर घेत नाही. पण साधं मशीन यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतं. मशीनने ३६,००० पांढऱ्या पेशी दाखवल्या आणि रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचेवर शंभरामागे ५० कच्च्या पेशी निघाल्या, तर खरा आकडा २४,००० येतो, आणि पहिल्या दिवशीच्या बाळाला तो चालतो. अशा वेळी मशीनचाच कागद हातात पडला, तर घरचे "इन्फेक्शन झालं" म्हणून रात्रभर जागतात. म्हणून नवजात बाळाची काच आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय रिपोर्ट जात नाही. उशीर होतो, रागावू नका. कच्च्या पेशी जास्त दिसल्या म्हणजे बाळ गुदमरलंच असंही नाही. आईला शुगर असेल, रक्तगट जुळत नसेल, बाळ दिवसांआधी झालं असेल किंवा पोटात वाढ कमी झाली असेल, तरी त्या वाढतात.

एलडीएच आणि सीके-एमबी हे पेशींच्या आतले पदार्थ. पेशी दुखावली की ते रक्तात झिरपतात. सीके-एमबी पहिल्या काही तासांत वाढतं, म्हणून ते आठेक तासांनी आणि एलडीएच ७२ तासांनी बघण्याची पद्धत आहे. कधी पाठवायचं ते डॉक्टर ठरवतील. चिठ्ठीवर जन्माची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ मात्र लिहून आणा. या दोन वेळा नसतील तर आकड्याला अर्थ लावता येत नाही.

आणखी एक: एलडीएचचा आकडा मोठ्या माणसाच्या मापाने वाचू नका. मोठ्यांची वरची मर्यादा अडीचशेच्या आसपास असते, धडधाकट नवजात बाळाचा आकडाही त्याच्या दुप्पट-तिप्पट येऊ शकतो. आकड्यासमोर ठळक चांदणी (*) दिसली म्हणून घाबरू नका, डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका बाळाचा बल्ब मोटारसायकलच्या डिक्कीतून आला. टाच पिळून पिळून काढलेलं रक्त, वरून ४५ अंशांचं ऊन. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या मशीनमधून, काढलं तेव्हा वरचं पाणी पिवळसर असायला हवं होतं, ते गुलाबी होतं. तांबड्या पेशी फुटल्या होत्या, आणि त्यांच्यातच एलडीएच भरपूर असतं. तरीही रिपोर्ट तसाच गेला. आकडा भयंकर होता. घरच्यांनी रडारड केली. दुसऱ्या दिवशी नीट घेतलेल्या रक्तात तो बराच खाली आला. तेव्हापासून गुलाबी नमुना आम्ही परत करतो. रक्त पुन्हा काढावं लागतं म्हणून नातेवाईक चिडतात, ते समजतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणून पहिल्यांदाच बरोबर घेतलेलं बरं. टाच आधी कोमट कापडाने शेकली, तर पिळावी लागत नाही. एलडीएचचा बल्ब बर्फात ठेवायचा नाही, सावलीत, घरातल्या थंडाव्याला ठेवून आणायचा. लॅक्टेट कुठे पाठवायचं असेल तर मात्र करड्या झाकणाचा बल्ब आणि बर्फ.

बाळाच्या अंगात रक्त थोडं, याच कारणाने "फुल बॉडी पॅकेज करून टाका" असं नवजात बाळासाठी सांगू नका. आम्ही करत नाही. सिकलसेलची (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही यात मिसळू नका. ती आपल्या भागात जरूर करावी, पण तिचा आणि गुदमरण्याचा संबंध नाही, आणि त्यासाठीची साधी सोल्युबिलिटी टेस्ट पहिल्या सहा महिन्यांत भरवशाची नसते.

मोबाईलवर वाचलेलं

मेंदूच्या पेशींमधून येणारे जीएफएपी, यूसीएच-एल१ असे पदार्थ रक्तात मोजता येतात. डोक्याला मार लागलेल्या मोठ्या माणसांसाठी अशा तपासणीला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. बाळांच्या बाबतीत अजून संशोधनच चालू आहे. त्याची घाई असण्याचं कारण असं: गुदमरलेल्या बाळाचं अंग पहिल्या सहा तासांत ३३.५ अंशांपर्यंत थंड करून ७२ तास तसं ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत चालतो, पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो करून पाहिला तेव्हा फायदा झाला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. कुठल्या बाळाला कशाचा उपयोग होईल हे रक्तावरून आधीच ओळखता आलं तर हवंच आहे. तोवर कोणी ऐकीव गोष्टीवरून बाळाला ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीत बसवू नये. टोपी, कोरडं कापड, आईच्या किंवा मावशीच्या छातीशी उघड्या अंगाने धरलेलं बाळ, वाट धरायची ती अशी.

"पुढं शिकन का लेकरू, चालन का?" हेही विचारलं जातं. आमच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं नसतं. डॉक्टर ते बाळाचं अंग, दूध ओढणं, झटके आणि पुढच्या महिन्यांतली मान धरणं बघून सांगतात. रिपोर्टचे कागद मात्र सांभाळून ठेवा, दर भेटीला सोबत न्या. हरवले तर दुसरी प्रत आम्ही पैसे न घेता देतो.

रात्री शटर खाली असलं तरी नवजात बाळाचा नमुना घेतो. शेजारच्या चहाच्या टपरीवर सांगा, टपरीवाला आम्हाला उठवतो.