उद्धरण-प्रभाव

एखाद्या संशोधकाच्या शोधनिबंधांचा उल्लेख नंतरच्या निबंधांच्या संदर्भसूचीत किती वेळा झाला, यावरून त्याच्या कामाचा प्रभाव जोखण्याच्या पद्धतीला उद्धरण-प्रभाव म्हणतात. अशा उल्लेखाला, म्हणजे उद्धरणाला, विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत रूढ शब्द ‘सायटेशन’. हा आकडा विषयागणिक वेगळा वाचावा लागतो. इकॉलॉजी आणि त्वचारोगशास्त्र शेजारी ठेवले की ते चटकन ध्यानात येते. नागपुरात एकीकडे नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि विद्यापीठाचे विज्ञान विभाग, तर दुसरीकडे मेडिकल आणि मेयो ही रुग्णालये असल्याने दोन्ही प्रकारचे संशोधक एकाच शहरात भेटतात.

यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स (उद्धरणांची सूची) प्रसिद्ध केला तो निबंध शोधणे सोपे व्हावे म्हणून. माणसे मोजायला त्याचा वापर पुढे होऊ लागला. 2004 मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर या उद्धरणे मोजणाऱ्या ऑनलाइन सूची आल्या, आणि 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला: ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकी उद्धरणे आहेत, ती संख्या. समजा, एकाच्या निबंधांना अनुक्रमे 60, 25, 9, 7, 6, 5 आणि 3 उद्धरणे आहेत. किमान 5 उद्धरणे असलेले किमान 5 निबंध आहेत, पण किमान 6 उद्धरणे असलेले 6 नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स 5. पहिल्या निबंधाची उद्धरणे 60 वरून 600 झाली तरी तो 5 च राहतो. तो कधी कमीही होत नाही, त्यामुळे निवृत्त प्राध्यापकाचा आकडा तरुण सहकाऱ्याहून मोठा दिसला तर त्यात नवल नाही.

त्वचारोगशास्त्रात एका रुग्णाची हकिगत सांगणारे छोटे निबंध भरपूर असतात आणि त्यांना उद्धरणे थोडी मिळतात. उलट, उपचारांची मार्गदर्शक सूत्रे आणि मोजमापाची साधने वर्षानुवर्षे उद्धृत होतात. फिनले आणि खान यांची 1994 ची दहा प्रश्नांची त्वचारोग-जीवनमान प्रश्नावली हे ठळक उदाहरण: ती वापरणाऱ्या प्रत्येक अभ्यासात तिचा उल्लेख येतोच. इकॉलॉजीत काही निबंध फार दूरवर पोचतात. नॉर्मन मायर्स आणि सहकाऱ्यांचा जैवविविधतेच्या 25 संवेदनशील प्रदेशांवरचा 2000 सालचा निबंध त्यांतलाच. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून त्यातला एक प्रदेश. मात्र तालुक्यातील वनस्पतींची किंवा पक्ष्यांची यादी वनखात्याच्या कामी येते आणि संदर्भसूचीत क्वचितच दिसते. नव्या प्रजातीचे पहिले शास्त्रीय वर्णन करणाऱ्याचे नाव त्या प्रजातीच्या शास्त्रीय नावापुढे कायम लागते, पण मूळ निबंध सूचीत न दिल्याने त्याची मोजणी होत नाही. हा अन्याय वर्गीकरण करणाऱ्यांच्या वाट्याला सर्वाधिक येतो.

दोन्ही विषय खरे एकत्र येतात ते गाजरगवतात. 1955 च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे तण आज पाऊस पडला की नागपूरच्या मोकळ्या प्लॉटांवर आणि रस्त्यांच्या कडेला माजते. इकॉलॉजीचा अभ्यासक त्याचा बियांवाटे होणारा प्रसार, स्थानिक गवतांचे हटणे आणि 1980 च्या दशकात बंगळुरूत आणलेला, हे तण खाणारा मेक्सिकन भुंगा पाहतो. त्वचारोगतज्ज्ञ पाहतो ते त्यातील पार्थेनिन या रसायनामुळे चेहरा, पापण्या, मान आणि कोपरांच्या आतल्या बाजूस उठणारी खाज आणि जाड होत जाणारी कातडी. दोन्ही अंगांनी लिहिणाऱ्याचे निबंध दोन वेगळ्या गटांतील नियतकालिकांत विखुरतात. एका विषयातले वाचक दुसऱ्या विषयातले निबंध फारसे चाळत नाहीत, आणि एकूण उद्धरणे पाहणाऱ्या समितीला तो कुठेच पुरता भरलेला दिसत नाही. यावर उतारा म्हणून निबंधाची उद्धरणे त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या सरासरीने भागतात. उत्तर 1 आले तर कामगिरी सरासरी. एकूण बेरजेपेक्षा हे माप न्याय्य, पण पदोन्नतीच्या अर्जांत एच-इंडेक्स भरणे सोपे असल्याने तोच चालतो. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातील अलीकडच्या निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात यावरून, माणसाचे मोल ठरवू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनावरील 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले. तरीही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत निबंधाचे गुण इम्पॅक्ट फॅक्टरच्या पायऱ्यांनुसार वाढतात.

मोजणी कुठे केली यावरही आकडा अवलंबून असतो. गूगल स्कॉलर प्रबंध आणि पुस्तकेही धरतो, म्हणून तिथली संख्या सहसा स्कोपसपेक्षा मोठी निघते. मराठीत लिहिलेले निबंध मात्र या मोठ्या सूचींत जवळपास येतच नाहीत. नावांचा घोळ वेगळाच. वानखेडे हे आडनाव रोमन लिपीत एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिले जाते, लग्नानंतर काहींचे आडनाव बदलते, आणि एकाच आद्याक्षरांचे दोन मेश्राम एकाच विभागात असू शकतात. 2012 पासून प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र मिळू शकणारा सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक हा गुंता बराच सोडवतो. संस्थांचेही तसेच. नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. 1958 साली स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे नाव 1974 मध्ये नीरी झाले. जुने नाव घालून शोध घेतला नाही, तर आधीचे निबंध आजच्या संस्थेच्या खात्यावर दिसतीलच असे नाही.