बॅरिटोन म्हणजे खलनायकच? मुळीच नाही

रत्नागिरी-मालवणकडे ऑपेराचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: चढ्या पट्टीत गाणारा टेनर म्हणजे नायक आणि त्याच्या खालच्या पट्टीतला बॅरिटोन म्हणजे खलनायक. दशावतारातल्या राक्षसाच्या आरोळ्या ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ते चटकन पटतंही. पण हे अर्धसत्य आहे.

समजाला आधार आहे. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’तला इयागो, त्याच्याच देशाच्या पुच्चीनीच्या ‘तोस्का’तला (१९००) स्कार्पिया, दोघेही बॅरिटोन आणि दोघेही दुष्ट. प्रियकर बहुधा टेनर, म्हणून त्याच्या आड येणाऱ्याला हा आवाज मिळाला.

मात्र त्याच व्हेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मधला (१८६७) रॉड्रिगो मित्रावरचा आळ स्वतःवर घेतो, गोळी खातो आणि गातच प्राण सोडतो. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘टानहॉयझर’मधला (१८४५) वोल्फ्राम आपली न होणाऱ्या प्रियेसाठी संध्यातारकेला साकडं घालतो.

आणि व्हेर्दीचाच ‘रिगोलेत्तो’ (१८५१)! कुबड असलेला दरबारी विदूषक, मुलीला पळवून नेणाऱ्या दरबाऱ्यांवर तुटून पडतो. तंतुवाद्यं खवळलेली असतात. मग त्याचा जोर ओसरतो, तो रडतो, आणि शेवटी त्याच माणसांपुढे पदर पसरतो. तिथे चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, त्याच्या सोबतीला येतो. ही जागा कान देऊन ऐकाच. संतापलेला माणूस क्षणात हतबल बाप होतो, आणि त्यासाठी बॅरिटोनचा भरदार, मधल्या पट्टीतला आवाजच हवा, असं माझं ठाम मत आहे.

कोकणात कुणी बॅरिटोनची मैफल ठेवली, तर रॉड्रिगो, वोल्फ्राम आणि रिगोलेत्तो यांच्या या तीन आरियांची, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यांची, फर्माईश जरूर करा.