ढीग तापला पाहिजे, बेड तापता कामा नये

कॉलेजच्या शेतावर नवी बॅच आली की एक प्रश्न हमखास येतो: कंपोस्ट आणि गांडूळखत एकच ना? दोन्हींत शेण, काडीकचरा, पाणी. शेवटी हाती येतं ते काळं, भुसभुशीत खत. फरक आहे तो राबणाऱ्यांत.

कंपोस्टच्या ढिगात जिवाणू राबतात आणि ढीग तापतो, चांगला लागला तर 55 ते 65 अंशांपर्यंत. लोखंडी सळई मधोमध खुपसा आणि पाच मिनिटांनी ओढा. हातात धरवत नसेल तर काम जोरात चाललंय. गारच निघाली तर बहुधा ओल कमी पडलीय किंवा नुसत्या तुराट्या भरल्यात. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण 30:1 लागतं आणि नुसत्या तुराट्यांत नत्र कमी पडतं, म्हणून बारीक केलेल्या तुराट्यांसोबत शेण आणि हिरवा पाला हवाच. (कडबा ढिगात घालायचं मनातही आणू नका, आपल्याकडे तो जनावरांच्या तोंडचा घास आहे.) या उष्णतेने तणाचं बी मरतं, पण ढीग पालटून कडेचा माल आत गेला तरच.

गांडुळांना हीच उष्णता मारते. गांडूळखताच्या बेडमध्ये, म्हणजे वाफ्यात, सोडतात ती आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं 35 अंशांच्या वर तग धरत नाहीत, आणि सोलापूरचा पारा मे महिन्यात 42-43 वर. म्हणून वर शेड, बेडवर ओलं बारदान. ताजं शेण घातलं तर ते आतच तापतं; अर्धवट कुजून निवलेलंच घाला. बेड तापत नसल्याने बी धरलेलं गाजरगवत त्यात गेलं तर खताबरोबर ते रानभर पेरलं जातं. ही गांडुळं पालापाचोळ्यात राहणारी आहेत. उघड्या काळ्या रानात सोडून जमीन भुसभुशीत होईल, ही आशा नको.

गांडूळखत दीड-दोन महिन्यांत तयार होतं, कंपोस्टला तीन-चार लागतात. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या कॉलेजने बेडने सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत. सुट्टीत चार दिवस पाणी चुकलं तर ढीग नुसता थांबतो, गांडुळं मरतात. आधी ढीग लावा; त्यातला निवलेला माल पावसाळ्यानंतर बेडला घाला. तयार गांडूळखत रोपवाटिकेला, कंपोस्ट रानाला.

डाळिंबाच्या छाटणीतल्या तेल्या रोग लागलेल्या फांद्या मात्र दोन्हींत नकोत. त्या वेचून बागेबाहेर जाळायच्या.