'रेड'ची भानगड: कंट्री की पॉप, आणि मालक कोण

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या 'रेड' या अल्बमचा विषय निघाला की कुठलं गाणं कुठल्या बॉयफ्रेंडवर यावरच गाडी अडते. ते सगळ्यांना पाठ आहे, सोडून देऊ. मला या अल्बममागची कागदपत्रं जास्त इंटरेस्टिंग वाटतात. ब्रेकअप वगैरे ठीक आहे, पण हा अल्बम कुठल्या खात्यात टाकायचा आणि तो नक्की कुणाचा, यावरून जेवढी वर्षं डोकेफोड झाली तेवढी कुठल्या बॉयफ्रेंडवरूनही झाली नसेल.

आधीचं थोडक्यात. नॅशव्हिलची एक छोटी कंपनी, २००६ पासून तीन अल्बम, तिन्ही कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या लोकसंगीतातून आलेला प्रकार) म्हणूनच विकलेले, आणि तिसरा (२०१०) तर कुणालाही सोबत न घेता एकटीने लिहिलेला. त्यानंतर तिने एकदम उलटं टोक गाठलं. नवीन लोकांबरोबर बसायचं ठरवलं, त्यात स्वीडनचे दोन पॉप निर्माते होते. सोळातली तीनच गाणी त्यांच्याबरोबरची, पण गाजली तीच आणि वाद झाला तोही त्यांच्यावरूनच. एकात तर चक्क डबस्टेपचा ड्रॉप आहे, म्हणजे क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीतासारखा मध्येच एकदम कोसळणारा दणदणीत ठेका. बाकी अल्बममध्ये गिटारवरची हळवी गाणी, थोडं रॉक, सगळा मिक्स मसाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात एकट्या अमेरिकेत १२ लाखांच्या वर खपला.

आता मुख्य भानगड. अल्बमचं पहिलं गाणं ऑगस्टमध्येच आलं होतं, 'आपण परत कध्धीच एकत्र येणार नाही' टाइपचं, एकदम पॉप. मुख्य चार्टवर (बिलबोर्ड मासिकाची दर आठवड्याची सगळ्या प्रकारच्या गाण्यांची क्रमवारी) ते एक नंबरला गेलं, तिचं तिथलं पहिलंच. कंट्री रेडिओसाठी वेगळं मिक्सिंग करून दिलं होतं, तरी कंट्री स्टेशनवाले फार काही वाजवत नव्हते, आणि तेव्हा कंट्री गाण्यांचा चार्ट फक्त कंट्री स्टेशनवर किती वाजलं यावरच ठरायचा, त्यामुळे तिथे ते खालीच घुटमळत होतं. आणि नेमकं त्याच ऑक्टोबरमध्ये चार्ट काढणाऱ्या मासिकाने नियम बदलला: डाउनलोड धरणार, स्ट्रीमिंग धरणार, आणि रेडिओ म्हणजे कुठलाही रेडिओ, पॉप स्टेशनसुद्धा. झालं, गाणं एका आठवड्यात एकविसावरून थेट एकवर! कंट्रीवाल्यांचा जळफळाट झाला, आणि मला विचाराल तर त्यांचं चुकलं नव्हतं. जे गाणं कंट्री ऐकणारे फारसे ऐकत नाहीत ते पॉप ऐकणाऱ्यांच्या जोरावर कंट्रीचं एक नंबर ठरतं, हे कसलं मोजमाप? मासिकाचं म्हणणं असं की लोक आता गाणी विकत घेतात, नेटवर ऐकतात, नुसता रेडिओ धरून कसं चालेल. तेही खरंच. पण मग पॉप स्टेशनचं वाजणं कशाला धरलं, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. जुन्या पद्धतीचा चार्ट नंतर वेगळ्या नावाने चालू ठेवला, पण मान नव्यालाच. बरं, नियम एकट्या तिच्यासाठी बदलला असं नाही, आर अँड बी आणि लॅटिन संगीताच्या चार्टलाही तोच लागला. पण बिल तिच्याच नावावर फाटलं. पुढे २०१३ मध्ये एका कंट्री जोडीने रॅपरला घेऊन रिमिक्स काढला आणि ते गाणं एकूण २४ आठवडे एक नंबरवर राहिलं, तोही याच नियमाच्या कृपेने. आणि २०१९ मध्ये याच मासिकाने एका तरुण कृष्णवर्णीय गायकाचं व्हायरल झालेलं गाणं 'पुरेसं कंट्री नाही' म्हणून कंट्री चार्टवरून काढून टाकलं. २०१२ ला ही फूटपट्टी कुठे होती देव जाणे.

पुरस्कारवाल्यांचाही तोच घोळ. जानेवारी २०१४ च्या ग्रॅमी सोहळ्यात 'रेड'ला सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम कंट्री अल्बम अशी दोन्ही नामांकनं, आणि हातात काहीच नाही. मोठा पुरस्कार हेल्मेटवाल्या फ्रेंच जोडगोळीला गेला. त्यांच्या अल्बमचं नावही र वरूनच सुरू होतं, त्यामुळे नाव पुकारताना तिचा चेहरा क्षणभर खुलला आणि लगेच उतरला, ती क्लिप अजून फिरते. त्या रात्री घरी जाऊन रडले आणि पुढचा अल्बम एकाच धाटणीचा करायचं ठरवलं, असं तिने नंतर सांगितलंय. तो २०१४ चा अल्बम पूर्ण पॉप. कंट्रीला रामराम.

मग मालकी. गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, वेगळा. लिहिणं तिचं, मास्टर कंपनीचं. २०१८ ला करार संपला, ती दुसरीकडे गेली, २०१९ ला कंपनीच विकली गेली आणि मास्टर अशा मॅनेजरच्या हातात गेले ज्याच्याशी तिचं आधीच वाकडं होतं. त्याने २०२० मध्ये ते एका गुंतवणूक कंपनीला विकले. तोवर जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड न करण्याची करारातली मुदत संपली होती, म्हणून तिने सरळ सगळं पुन्हा रेकॉर्ड करायला घेतलं. आपल्याकडे कॅसेटच्या काळात 'व्हर्जन' गाणी निघायची, जुनं गाणं नव्या गायकाच्या आवाजात. इथे मूळ गायिकाच स्वतःचं व्हर्जन काढत होती!

'रेड'चं व्हर्जन नोव्हेंबर २०२१ ला आलं, तीस गाण्यांचं. त्यात एक गाणं २०१२ ला साडेपाच मिनिटांचं होतं, सिंगल म्हणून कधी आलंच नव्हतं, पण चाहत्यांनी डोक्यावर घेतलं होतं. मुळात ते २०१२ च्या आधी एका दौऱ्याच्या तालमीत सुचलेलं: त्याच त्या चार कॉर्डवर ती सुचेल तसं गात गेली, साउंडवाल्याने ते रेकॉर्ड केलं, मग जुन्या सहलेखिकेला बोलावून काटछाट झाली. आता ते दहा मिनिटं तेरा सेकंदांचं होऊन आलं आणि मुख्य चार्टवर एक नंबरला गेलं. एवढं लांब गाणं तिथवर कधीच पोचलं नव्हतं, आधीचा विक्रम १९७२ पासूनचा.

गंमत म्हणजे तेच गाणं कंट्री चार्टवरही एक नंबर, आणि अल्बमही कंट्री अल्बमांत एक नंबर. कंट्री सोडून सात वर्षं झाल्यावर! मे २०२५ मध्ये तिने जुने मास्टरही विकत घेतले, त्यामुळे आता दोन्ही 'रेड' तिचेच.